या… थांबतो

ही गोष्ट खरी आहे.

आता हे वाक्य मी लिहिलं की पंचाईत होते. उभा जन्म मी एका सायंदैनिकात विनोदी सदर लिहिलं. मनाला येईल त्या थापा मारल्या आणि लोकांनी त्या डोळे झाकून खऱ्या मानल्या. एकदा लिहिलं की नव्या मुंबईतल्या डासांची शिरगणती होणार आहे, तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने स्वयंसेवकांची नावं गोळा केली.

आणि आता म्हातारपणी पहिल्यांदा खरं सांगतोय, तर तुम्ही हसणार.

हसा. सुरुवातीला मीही हसलो होतो.

साल सत्त्याण्णव. मे महिना. जागा बेलापूरच्या पुढची, पनवेलच्या अलीकडची. तिथे रेल्वेचा एक छोटा हॉल्ट होता, त्याचं खरं नाव लिहीत नाही. तिथे आता टॉवर झालेत आणि लोकांच्या फ्लॅटचे भाव पाडायचं पाप मला नको. आपण त्याला खारशेत म्हणू.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

लख्ख दुपार होती.

त्या वर्षी आमच्या भागात नव्या लाइनचं काम जोरात होतं. मोठमोठी स्टेशनं उभी राहत होती. प्रवासी नव्हते, पण खांब भरपूर होते. अशा वेळी स्मरणिका निघते. स्मरणिका म्हणजे दोन जाहिरातींच्या मधली फट बुजवायला लागणारा मजकूर. स्मरणिका समितीचे अध्यक्ष हौसेराव. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात कांद्या-बटाट्याचा गाळा. माणूस दिलदार, आवाज लिलावाचा.

"लेखक, ते खारशेतचं जुनं ठेसन हाय न्हवं, ते आता पाडणार हायेत. त्याचा इतिहास लिवा. दोन पानं."

"त्याला इतिहास आहे का?"

"नसला तर तुमी हायच की!"

म्हणून मी निघालो. बरोबर माझी बायको मंजुषा. खारशेतला गिरजाबाई नावाच्या बाईकडे सुकट चांगली मिळते, असं तिला शेजारणीने सांगितलं होतं. इतिहास आणि सुकट एकाच रिक्षात आणायची, असा बेत.

मंजुषाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ती शाळेतून निवृत्त झालेली बाई. तिला कुणालाही ताटकळत ठेवणं जमत नाही. आमच्या लग्नात मुहूर्ताच्या कितीतरी आधी ती बोहल्यावर उभी होती. मी दाढी करत होतो. कुणी आपल्यासाठी थांबलंय म्हटलं की तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

खारशेतला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

एक बुटका प्लॅटफॉर्म. सिमेंटचं एक बाकडं. एक भेंडीचं झाड, भाजीची नव्हे, सावलीची भेंडी. स्वयंपाकघराएवढी तिकिटाची खोली, तिची निम्मी कौलं गेलेली. पिवळ्या पाटीवरचा 'खार' खाऱ्या वाऱ्याने खाल्ला होता, उरलं होतं नुसतं 'शेत'. रूळ होते, पण गाड्या तिथे थांबायच्या कधीच बंद झाल्या होत्या. पलीकडे मिठागरांत भराव टाकणारे डंपर… तेही त्या वेळी गप्प होते.

भेंडीखाली गिरजाबाई टोपली घेऊन बसली होती. मंजुषाने सुकट घेतली. गिरजाबाईने टोपली डोक्यावर चढवली. मग त्या रिकाम्या खोलीकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली,

"जाते मी! जाते!"

मंजुषातली शिक्षिका जागी झाली. "अहो बाई, जाते म्हणू नये. येते म्हणावं."

"तुमच्या घरी बोला. इथं नाय बोलत आमी," गिरजाबाई म्हणाली आणि झपाझप चालू लागली.

एकदाही मागे वळली नाही.

"किती तुसडी!" मंजुषा म्हणाली.

तेवढ्यात खोलीतून आवाज आला…

खटॅक.

जुन्या लोकांना हा आवाज लगेच कळेल. पूर्वी रेल्वेचं तिकीट पुठ्ठ्याचं असायचं. त्यावर तारीख उमटवायला एक लोखंडी यंत्र असे. तिकीट त्यात सरकवलं की खटॅक.

मी खूश झालो. इतिहास स्वतःहून बोलायला लागला होता.

खिडकी बुटकी होती, कमानीची. आत अंधार. वाकून पाहिलं तर फक्त दोन हात दिसले. म्हातारे, शिरा वर आलेले.

"कोन हाय?"

"या स्टेशनाचा इतिहास लिहायला आलोय."

"इतिहास कसला? गाडी यायची, गाडी जायची."

इतकी वर्षं लिहून मला इतकं नेमकं वाक्य सुचलं नव्हतं. मी वही काढली.

"तुम्ही इथले स्टेशनमास्तर?"

"लोक मास्तर बोलतात. मी एजंट. तिकीट इकायचं, झेंडा दावायचा. मिठागराची मानसं, मच्छीवाल्या बाया, शाळेची पोरं. सगली माझ्या गाडीनं जात."

"गाडी तुमची?"

"माझा झेंडा हलला, का गाडी हलली. खिडकीवर कोन येतो बोलून गेला, तर त्याच्यासाठी थांबायचं. गार्ड शिट्ट्या मारी. मी झेंडा नाय दावला. येतो बोललाय, तर येनार."

एकदा म्हणे एक व्याही जेवायला बसले होते. त्यांचा भात होईपर्यंत अख्खी पॅसेंजर उभी. डब्यातले लोक शिव्या देत होते आणि व्याही दुसऱ्यांदा वाढून घेत होते. मी हसत हसत लिहून घेतलं.

"आणि येतो म्हणून गेलेला आलाच नाही तर?"

आतले हात थांबले.

"…येतो बोललेला मानूस येतो."

मी घामाने निथळत होतो. पण त्या खिडकीतून गार हवा येत होती. खाडीच्या ओल्या चिखलाचा वास असलेली. तेव्हा ती मला बरी वाटली, एवढंच.

रस्त्यावर रिक्षा दिसली म्हणून मी हात करत पुढे पळालो. निरोप घ्यायचं राहून गेलं. मागे मंजुषाचा आवाज ऐकू आला.

"बरंय काका, येते हं."

"या… थांबतो."

खटॅक.

*

दोन पानं मी एका बैठकीत लिहिली. छान झाली होती.

मग एके दुपारी घरात आवाज आला…

खटॅक.

मी फ्रिजवर संशय घेतला. मेकॅनिक आला, फ्रिज उघडला, काहीतरी बदललं आणि गेला. दुसऱ्या दुपारी पुन्हा खटॅक. या वेळी फ्रिज बंद होता.

आवाज झाला की मंजुषा उठायची. चांगली साडी नेसायची. पर्स घ्यायची. आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसायची, दवाखान्यात नंबरची वाट बघत बसतात तशी.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही. उगाच वाटतंय… कुणीतरी खोळंबलंय माझ्यासाठी."

"कोण?"

"तेच आठवत नाही हो."

जेवण तुटलं. झोप तुटली. दुपारभर घरात फेऱ्या. हात दाराच्या कडीपर्यंत जायचा आणि परत यायचा. मी विनोद करायचो. ती ऐकायची नाही. तिचं लक्ष दाराकडे.

एकदा सुटे हवे होते म्हणून मी तिची पर्स उघडली.

आत तिकीट होतं.

पुठ्ठ्याचं. तपकिरी. "खारशेत ते…" एवढंच छापलेलं. पुढची जागा कोरी.

तारीख मात्र होती. त्याच दिवसाची.

मी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं. डबा स्वतः खाली नेऊन रिकामा केला. दुसऱ्या दुपारी खटॅक झाल्यावर पर्स पाहिली…

तिकीट होतं. तारीख नवी होती.

मग मात्र मी हसणं बंद केलं.

*

त्याच आठवड्यात हौसेराव घरी आले. बरोबर खारशेतचे देवजी. जुने कोळी, गावातले सगळ्यांत वयस्कर. माझी दोन पानं त्यांना वाचून दाखवायची आणि चुका काढायच्या, असा कार्यक्रम. मंजुषा आत चहा करत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी तिकिटाचं काही बोललो नाही. नुसतं वाचायला लागलो.

खिडकीपाशी आलो तसे हौसेराव खदखदून हसले.

"लेखक, मानलं तुमाला! अवो, ती खिडकी इटा लावून बुजवल्याली हाय. मी परवाच फोटोवाला घिऊन गेलतो की."

देवजी हसले नाहीत.

"वाचा पुढं," ते म्हणाले.

मी वाचलं. व्याह्यांचा भात, गार्डच्या शिट्ट्या, न हललेला झेंडा. देवजींनी बशी खाली ठेवली.

"नामदेव एजंट," ते म्हणाले. "हे कोनी सांगितलं तुमाला?"

"त्यांनीच."

"तो मेला. माझी दाढी काळी होती तवा."



देवजी खालच्या आवाजात सांगत गेले. नामदेवची बायको शेवंता रोज त्याचं जेवण घेऊन हॉल्टवर यायची. एक दिवस भाकरी आणली आणि कालवण घरी विसरली. खिडकीवर 'येते' म्हणाली आणि बांधावरून परत फिरली. खाडीला उधाण होतं. बांध फुटला.

"गाडी आली. नामदेवनं झेंडा नाय दावला. लोकांनी सांगितलं, बांध फुटला रं. तो बोलला, येते बोललीय ती. शेवटी गार्डनं आपल्या जीवावर गाडी नेली. नामदेव नाय उठला. तिथंच बसायचा. तिथंच गेला."

"म्हणून तुम्ही तिथे…"

"जातो बोलतो. येतो बोललं का तो थांबतो."

"थांबेना का बिचारा," मी म्हणालो. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

"मागं एक मोजनीवाला साहेब आलेला. चांगला शिकलेला. निघताना बोलला, येतो. मंग एक दिवस गवला त्या बाकड्यावर. इस्त्रीचे कपडे. हातात पुठ्ठ्याचं तिकीट. अंगाला खरचटलं पन नाय. कोनी आनला नाय त्याला. आपल्या पायानं आला… नि गेला."

हौसेरावांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. त्यांना कळलंही नाही.

देवजींनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुमच्यातून कोन काय बोललं नाय ना तिथं?"

मी तोंड उघडलं.

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला…

खटॅक.

मी धावलो. गॅसवर चहाचं दुसरं आधण उकळत होतं. मागचं दार उघडं होतं.

चपला नव्हत्या.

पर्स नव्हती.

मंजुषा नव्हती.

*

हौसेरावांची व्हॅन कांद्याच्या वासाने भरलेली होती. एरवी मी त्यावर एक सदर लिहिलं असतं. त्या दिवशी मी फक्त समोरची काच बघत होतो. हौसेराव देवाचं नाव घेत होते आणि मधे मधे डंपरवाल्यांना शिव्या देत होते. कुठलं कुणासाठी, काही कळत नव्हतं.

ती बाकड्यावर बसली होती.

पदर नीट. पर्स मांडीवर. हातात तिकीट. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान.

"आलात?" ती म्हणाली. "किती दिवस थांबवलं हो मी त्यांना. बरं दिसतं का?"

मी खोलीकडे पाहिलं. खिडकीच्या जागी विटा होत्या. जुन्या. त्यांच्या सांध्यांत गवत उगवून वाळलेलं.

आणि रूळ वाजत होते.

गाडी दूर असताना रूळ जसे बारीक गुणगुणतात, तसे. मी दोन्हीकडे पाहिलं. लाइन मोकळी होती. सिग्नल मेलेला. उन्हात हवा थरथरत होती, बाकी काही नाही. पण गुणगुण वाढत होती…

देवजी प्लॅटफॉर्मवर चढलेच नाहीत. खालूनच ओरडले, "जाते बोल बाय! जाते बोल!"

"मंजुषा, जाते म्हण. आणि चल."

ती दचकली. "अहो, काहीतरीच काय? सवाष्ण बाईने जाते म्हणायचं?"

"हो!"

"शी! अभद्र. मी पोरांना शिकवलंय आयुष्यभर…"

"मंजुषा, आयुष्यात एकदा उद्धट हो. माझ्यासाठी हो."

"पण ते थांबलेत ना!"

"थांबू देत!"

"असं कसं थांबू देत? तुम्हाला काही वाटतं का हो? लग्नातसुद्धा तुम्ही…"

बाकडं हादरायला लागलं होतं. पायाखालची खडी टिकटिकत होती. आणि मी तिथे उभा राहून पस्तीस वर्षांपूर्वीच्या दाढीवर भांडत होतो.

शेवटी मी तिचा हात धरला. मला काही बोलता येईना. मला बोलता येत नाही, हे तिने उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं.

तिने विटांकडे पाहिलं. डोळे मिटले.

"काका, माफ करा," ती पुटपुटली. "…जाते."

गुणगुण थांबली.

एकदम. कुणी रुळांवर हात ठेवावा तशी.

मी तिला उठवलं. दोन पावलं टाकली असतील…

विटांच्या मागून आवाज आला.

"मंग… मी थांबू कोनासाठी?"

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. भरल्या घरात पंगत उठून गेल्यावर एकटाच पानावर राहिलेला माणूस बोलेल, तसा होता तो आवाज.



रूळ पुन्हा वाजायला लागले. माझ्या हातातला मंजुषाचा हात सैल झाला. तिची पावलं बाकड्याकडे वळली.

आणि मी म्हणालो,

"बरंय मास्तर. येतो."

"या… थांबतो."

खटॅक.

सगळं शांत झालं. मंजुषाने पदराने घाम पुसला. आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाली, "अगबाई, गॅस बंद केलात का?"

तिच्या हातात तिकीट नव्हतं.

देवजी माझ्याकडे बघत होते. मी जवळ गेलो तसे ते नकळत एक पाऊल मागे सरले.

*

स्मरणिका निघाली. माझी दोन पानं एका कांदा व्यापाऱ्याच्या शुभेच्छांच्या मागे छापली गेली. त्यात व्याह्यांचा भात आहे, बाकी काही नाही. पुढे खारशेतचा हॉल्ट पाडला. खोली गेली, बाकडं गेलं, विटा गेल्या. हौसेरावांनी चौकशी करून सांगितलं की त्या दुपारी त्या वेळेला लाइनवर एकही गाडी नव्हती.

आणखी एक प्रश्न त्यांनी त्या दिवशी परततानाच विचारला होता. लिलावाचा आवाज पार खाली आणून.

"लेखक, तुमी ते मुद्दाम बोललात, का सवयीनं?"

"सवयीनं," मी म्हणालो. "संस्कार. दुसरं काय?"

मंजुषाही दर वर्षी मे महिन्यात हेच विचारते. मी हेच उत्तर देतो. तिचा विश्वास बसत नाही. थापा मारून मारून ही वेळ येते बघा माणसावर.

आमचं घर तेच आहे. दुपारी आवाज होतो. मग मी सदऱ्याचा खिसा चाचपतो. पुठ्ठा हाताला लागतो. त्या दिवसाची तारीख, कोरं गाव. आणि मग ती हुरहूर सुरू होते. पंखा नकोसा होतो. पेपर नकोसा होतो. कुणीतरी उन्हात उभं आहे आणि आपण इथे लोळतोय, असं काहीतरी. पाय आपोआप चपला शोधतात.

पण दार अडलेलं असतं.

जेवणं झाली की मंजुषा खुर्ची ओढते. मागच्या दाराला कुलूप घालते, पुढच्या दाराला पाठ लावून बसते. विणकाम करते, नाहीतर तांदूळ निवडते. ऊन उतरेपर्यंत उठत नाही. मी काही बोललो तर म्हणते, "बसा गुपचूप. थांबू देत त्यांना."

जिने जन्मात कुणाला ताटकळत ठेवलं नाही, ती बाई इतकी वर्षं रोज एका माणसाला ताटकळत ठेवतेय. तिला ते सोसत नाही. मला दिसतं. निवडलेले तांदूळ ती पुन्हा निवडायला घेते.

आज हे लिहायला बसलो, कारण घर फार शांत आहे.

आवाज मघाशीच झाला. तिकीट खिशात आहे. सदरा इस्त्रीचा आहे… कुणी केली इस्त्री, आठवत नाही.

खुर्ची दारापाशीच आहे. पण आता वय झालं हो तिचं. मान कलली आहे. सुई हातातून खाली घरंगळली आहे.

मंजुषाचा डोळा लागलाय.

मागचं दार उघडं आहे. कुलूप कुणी काढलं, तेही आठवत नाही. तिथून गार हवा येतेय. ओल्या चिखलाचा वास असलेली.

असो. फार लिहिलं. सवयीप्रमाणे शेवटी तुमचा नीट निरोप घेणार होतो… पण तो शब्द आता नको.

जातो.